देवाशी मैत्री

मित्र कोणाला म्हणावे? ज्याच्याजवळ मन मोकळे करता येते, तो मित्र. त्याच्याशी बोलायला मोठे शब्द लागत नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. पण देवाशी मैत्री जोडायची कशी? फ्रान्स देशातल्या एका स्वयंपाक्याची गोष्ट ऐका.

त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स. ब्रदर म्हणजे भाऊ. आधी तो शिपाई होता. पुढे एका पायाने अधू झाला. पॅरिस शहरातल्या एका मठात तो राहू लागला. तिथे त्याला स्वयंपाकघरात काम मिळाले. ते काम त्याला मुळीच आवडत नव्हते!

त्यातून त्याच्या मनाला एक घोर लागला. आपण नरकातच जाणार, असे त्याला वाटे. चार वर्षे तो तळमळत राहिला. शेवटी त्याने ठरवले, पुढचे देव जाणे. जिवंत आहे तोवर देवावर प्रेम करायचे, बस्स! मग त्याचे मन शांत झाले.

तो काम करता करता देवाशी बोलू लागला. कामाआधी मदत मागायची. काम झाले की आभार मानायचे. चूक झाली तर कबूल करायची, पण कुढत बसायचे नाही. तव्यावरचे अंड्याचे धिरडे उलटायचे, तेसुद्धा देवासाठी.

एकदा मठाने त्याला दूर खरेदीला पाठवले. पाय अधू, त्यामुळे नावेत चालता येईना. पिंपांवरून लोळत सरकावे लागे. तो देवाला म्हणाला, हे काम तुझेच आहे. आणि काम नीट पार पडले.

सुरुवातीला त्याचेही मन भटके. भटकले की तो पुन्हा देवाकडे वळे. बी पेरले की लगेच कणीस येते का? मैत्रीचेही तसेच आहे.

लॉरेन्स 1691 साली वारला. त्याची पत्रे नंतर छापली गेली. लोक ती आजही वाचतात.

मंडळी, मी शाळेत पुष्कळ वर्षे मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेतली. एखादा शब्द चुकला की रागावलो. देवाशी साधे बोलावे कसे, हे मात्र शिकवायचे राहूनच गेले. आज ते तुम्हाला सांगतो आहे.

करून पाहा : उद्या चूल पेटवताना किंवा शेतावर जाताना देवाशी एक वाक्य बोला. आपल्या घरच्या बोलीत बोला. मग तेच वाक्य वहीत लिहा.