थंडीत डेंग्यू, चिकनगुनिया थांबतात का?

'थंडी पडली की डेंग्यू जातो ना सर?' सातवीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतोच. उत्तर अर्धं 'हो' आहे.

रोग्याला चावलेली डासाची मादी लगेच रोग पसरवत नाही. विषाणू आधी तिच्या पोटात वाढतो, मग लाळेत उतरतो. उबदार हवेत याला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, गारव्यात जास्त. ती जगते जेमतेम दोन-चार आठवडे. ही शर्यत फळ्यावर काढा, मुलांना पटकन कळते.

पण डास कोणता, हेही बघायला हवं. २००७ साली भारतातून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीत रावेन्नाजवळ चिकनगुनिया पसरला, दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. तिथे एडिस इजिप्ती नव्हताच, एडिस अल्बोपिक्टस म्हणजे 'टायगर डास' होता. थंड देशात त्याची अंडी हिवाळाभर सुप्त राहतात. शिवाय विषाणूत एक बारीकसा बदल झाला होता, त्यामुळे तो या डासात सहज वाढू लागला.

आपल्या सोलापुरात मुख्य धोका इजिप्तीचा, आणि तो घरातच राहतो. डिसेंबरची रात्र बाहेर गार असली तरी कपाटामागे ऊब असतेच. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बॅरल कायम भरलेले! पालकहो, नुसतं पाणी ओतू नका. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, म्हणून आतून घासा. रविवारी मुलांच्या हातात टॉर्च द्या, अळ्या त्यांनाच शोधू द्या.