वळूला खनिजे : किती आणि कशासाठी?

दोन-तीनदा वळू दाखवूनही गाय उलटली की दोष गाईच्या माथी बसतो. वळूकडे कुणी बघत नाही. माण, आटपाडी, जत भागात खिलार वळू राखणाऱ्या सभासद बंधूंसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

जस्त कमी पडले तर वळूच्या वृषणांची वाढ खुंटते, शुक्राणू कमी तयार होतात. सेलेनियम कमी पडले तर शुक्राणूची शेपटी नीट बनत नाही, मग त्याला पुढे सरकता येत नाही. गरज तशी चिमूटभरच. एक किलो कोरड्या चाऱ्यामागे जस्त सुमारे ३० मिलिग्रॅम, तर सेलेनियम अवघे ०.१ मिलिग्रॅम लागते.

चुनखडीच्या जमिनीत जस्त पिकाला कमी लागू होते, म्हणून चाऱ्यातही कमी उतरते. त्यात हंगामात जनावर नुसत्या वाढ्यांवर असते. त्याने पोट भरते, पण प्रथिने व खनिजे पुरत नाहीत. तेव्हा कडबा, लसूणघास, पेंड द्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण चालू करावे. साधे मीठ म्हणजे खनिज मिश्रण नव्हे.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात. म्हणून गुण दिसायला दोन-अडीच महिने थांबावे. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये. जादा सेलेनियमने केस झडतात, खूर बिघडतात.

खनिजे फक्त उणीव भरतात. रोग, म्हातारपण, पायाचे दुखणे त्याने जात नाही. म्हणून आधी वीर्य व रक्त तपासून घ्यावे. गाय बाजाराला नेण्यापूर्वी वळूची तपासणी झालीच पाहिजे.