डबा उघडण्याआधी 'नाही' म्हणू नका

शिक्षकाला वह्यांची मागची पानं चाळायची खोड असते. ती घरीही सुटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांची गणिताची वही हाती लागली. मागच्या पानावर पेन्सिलने हिशेब मांडला होता: एसएसडी 2800, रॅम 8+8 जुनी 1600, एसएमपीएस 3400, ग्राफिक कार्ड जुनं 6500. बेरीज 14300. हातचा बरोबर घेतला होता. एसएमपीएसच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांना हे कसं सांगू?'

नववीतल्या पोराला आपल्याशी बोलायला भीती वाटावी, असं मी काय केलं होतं, ते आधी सांगतो. हितगुज करायचं तर आपलं झाकून कसं चालेल?

आमच्या घरातला डेस्कटॉप 2013 सालचा. थर्ड जनरेशनचा आय-5, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. शाळेचे निकाल, प्रश्नपत्रिका आणि अधूनमधून जुनी गाणी एवढ्यासाठी घेतलेला. गेल्या वार्षिक परीक्षेनंतर पोरगा म्हणाला, "बाबा, ह्याच्यावर नवे गेम चालत नाहीत. थोडंसं सामान बदललं तर चालतील." मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "काहून? अभ्यास चालतो ना त्याच्यावर?" विषय तिथेच संपला.

मग मन खायला लागलं. मे महिन्यात कामानिमित्त नागपूरला गेलो तेव्हा सीताबर्डीवरून एक जुनं ग्राफिक कार्ड उचलून आणलं. कोणाला विचारलं नाही, पोरालाही नाही. म्हटलं, चकित करू. कार्ड बसवलं, गेम सुरू झाला, आणि दहा मिनिटांनी संगणकाचा डबा फट्‌कन बंद पडला. जळक्या वायरीचा वास घरभर. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, गेला. मी पोरावरच ओरडलो, "झालं समाधान?" त्यानंतर पाच महिने त्याने संगणकाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, शहाणा झाला.

ती वही घेऊन मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "हे मला समजावून सांग." आधी त्याचा विश्वास बसेना. मग त्याने तो जळका एसएमपीएस माळ्यावरून काढून आणला आणि त्याचं लेबल दाखवलं. वर ठळक अक्षरात 450 वॅट. खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टसमोर 14 अँपिअर. "बाबा, बारा चौदे किती?" 168. वीस वर्षं मुलांना गुणाकार शिकवणाऱ्या माणसाने तो आकडा वाचलाच नव्हता. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः 12 व्होल्टवर जगतात. म्हणजे 450 ची पाटी लावलेल्या त्या एसएमपीएसमधून खरं काम 168 वॅटचं. मी आणलेल्या कार्डाला वेगळी सहा पिनची वायर लागत होती, आणि ती भूक त्या एसएमपीएसला झेपणारी नव्हती. पोराला हे मे महिन्यातच माहीत होतं. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही डबा अंगणात नेऊन उघडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आम्हा गडचांदूरकरांना धुळीचं वेगळं सांगायला नको. सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी, दिवसरात्र धावणारे ट्रक. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ बारा वर्षं त्या डब्यात जात होती. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली राखाडी रंगाची चक्क गादी झाली होती. रंगाच्या मऊ ब्रशने ती सोडवली, मग ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो, हेही मला चिरंजीवांनीच सांगितलं. पंखा काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी झालेली. ती पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. पुढे नवा एसएमपीएस लावून संगणक सुरू केला, तेव्हा पंख्याची घरघर निम्म्यावर आली होती.

सामान आलं ते एकेक करून. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर जो संगणक सुरू करून मी चहा ठेवायला जात असे, तो अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होऊ लागला. तुमच्या घरी असा जुना डबा असेल आणि खर्च एकच करायचा असेल, तर हाच करा. गेम असो की शाळेचा प्रोजेक्ट, फरक डोळ्यांनी दिसतो. रॅमचं मात्र जपून. आमच्या बोर्डाला डीडीआर-3 लागते. डीडीआर-4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. एसएमपीएस नव्या, चांगल्या कंपनीचा घेतला, तिथे घासाघीस केली नाही. मी आणलेलं कार्ड कमी पैशात विकून पोराने जीटीएक्स 1650 निवडलं. त्यातही वेगळी वायर न लागणारं, 75 वॅटचं. तेवढी वीज बोर्डाच्या खाचेतूनच मिळते.

आता गाड्यांच्या शर्यतीचा त्याचा गेम छान चालतो. सगळे चालत नाहीत. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' या गेमना रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असावी लागते. ती आमच्या कार्डात नाही. काही नवे गेम प्रोसेसरकडून एव्हीएक्स-2 नावाच्या आज्ञा मागतात, त्या इंटेलने फोर्थ जनरेशनपासून आणल्या. ही यादी पोराने स्वतः करून दाखवली. माझ्या तोंडून जे 'नाही' जुलूम वाटलं असतं, ते त्याच्या तोंडून साधी माहिती म्हणून आलं. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, हे आम्ही दोघांनी ठरवलं.

आणि खेळायच्या वेळेचं काय, असं तुम्ही विचारालच. आमच्याकडे एक नियम चंद्रपूरच्या उन्हानेच घालून दिला. पारा 45 च्या वर चढला की खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की पंख्याने ती आत ओढून काही थंड होत नाही. कार्ड तापलं की आपणहून वेग कमी करतं. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत दुपारी खेळ बंद, सकाळी तासभर. कूलरच्या तोंडासमोर संगणक ठेवू नका, त्यातून पाण्याचा अंश असलेली हवा येते. मृगाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा, आणि तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा बघून घ्या.

विजेच्या बिलाची भीती मला होती. प्रोसेसर 77 वॅट, कार्ड 75, मॉनिटर आणि बाकीचं धरून 200 म्हणू. रोज दोन तास, तीस दिवस. 12 युनिट. आमचा कूलर याहून कितीतरी जास्त खातो.

काळजी करायची तर दुसरीकडे करा. पोरं कोणता गेम खेळतात ते बघा. जीटीए-5 घरोघरी आहे, पण युरोपच्या मानांकनात तो 18 वर्षांपुढच्यांसाठी आहे, आणि तो बघितल्यावर तुम्हालाही ते पटेल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये कायद्यानेच बंदी आली, तेव्हा तसलं अ‍ॅप कोणी दिलं तर ते थेट काढून टाका. स्टीमवरून विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे विकत घेतल्यावर पहिला तास पोराच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला तुम्हाला पुरतो. मी बसलो. मला फारसं कळलं नाही, पण पोराने तिसऱ्या वळणावर माझ्या हातात कीबोर्ड दिला, आणि मी गाडी सरळ समुद्रात घातली.

तुमच्या घरीही कोपऱ्यात असा एखादा डबा असेल, आणि त्याच्याबद्दल काही बोलू की नको या विचारात असलेलं एखादं पोरगंही. येत्या रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोघं अंगणात बसा. प्लग आधी काढा, आणि निघालेले स्क्रू वाटीत ठेवा. आमचा एक अजून सापडलेला नाही.