घर सुटले तरी सामान भाडेकरूचेच

शिक्षण, नोकरी किंवा मजुरीनिमित्त मराठवाड्यातून हैदराबादेस जाणाऱ्या अनेक कुटुंबांचे वास्तव्य भाड्याच्या घरात असते. भाडे थकले किंवा कराराची मुदत संपली की घराला कुलूप घालून भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, मुलांची प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचे प्रकार घडतात. थकबाकीमुळे घरमालकाला सामानावर हक्क मिळतो, असा समज त्यामागे असतो. तो निराधार आहे. घराचा ताबा ही एक बाब असून घरातील वस्तूंची मालकी ही दुसरी बाब होय.

ताबा घेण्याची रीत

पूर्वीच्या हैदराबाद राज्यात घरभाड्यासंबंधी 1954 चा कायदा होता. त्याची जागा आंध्र प्रदेशच्या 1960 च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने घेतली व 2014 मध्ये तेलंगणाची निर्मिती झाल्यावर तोच तेथे पुढे चालू राहिला. हा अधिनियम ज्या इमारतींना लागू आहे, तेथे भाडे नियंत्रकाच्या आदेशाखेरीज भाडेकरूस काढता येत नाही. त्या आदेशाविरुद्ध हैदराबाद शहरात लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील करता येते.

दिवाणी हुकूमनाम्याची बजावणी करताना अडथळा झाल्यास न्यायालयाचे कर्मचारी कुलूप तोडू शकतात. तथापि, त्यापूर्वी वाजवी पूर्वसूचना देणे आणि पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना बाहेर पडण्यास सवड देणे आवश्यक असते. अशा हुकूमनाम्याने जागेचा ताबा मिळतो, सामानाची मालकी नव्हे.

थकबाकी व जप्ती

थकलेले भाडे हे घरमालकाचे येणे आहे व त्यासाठी त्याला दावा लावता येतो. परंतु जप्ती न्यायालयामार्फतच व्हावयास हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण यांवर जप्ती येत नाही. कारागिराची हत्यारे व शेतकऱ्याची अवजारेही त्यातून वगळलेली आहेत. जे न्यायालयालाही जप्त करता येत नाही, ते घरमालकाने अडकवून ठेवावे हे कायद्याशी सर्वथा विसंगत आहे.

भाडेकरूने स्वतः उभारलेली पत्र्याची शेड किंवा बसविलेले कपाट यांसंबंधी मात्र दक्षता हवी. करारात वेगळी अट नसल्यास, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 नुसार अशा वस्तू ताबा असेपर्यंतच काढून नेता येतात, त्यानंतर नाही. शिवाय जागा मूळ स्थितीत परत करावी लागते.

काय करावे

घर सोडतेवेळी सामानाची यादी करून तीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. किल्ली दिल्याची तारीखवार पोच घ्यावी. न्यायालयाचा बेलीफ आल्यास सामानाची नोंद पंचनाम्यात करण्याची विनंती करावी. घरमालकानेही मागे राहिलेले सामान परस्पर विकू नये. यादी करून लेखी सूचना द्यावी.

कायदेशीर मार्गाखेरीज घराबाहेर काढल्यास विशिष्ट साहाय्य कायदा, 1963 च्या कलम 6 अन्वये सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळविण्याचा दावा करता येतो. बेकायदा नेलेल्या वस्तूंच्या दाव्यास मुदत अधिनियमानुसार तीन वर्षांची मुदत आहे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. गावातील शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती परगावी जाणाऱ्या कुटुंबांना आधीच दिल्यास पुढील हानी टळेल.