गंजाची साक्ष

चित्रपटाच्या पडद्यावर काळोखा समुद्र दिसत आहे. दूरवर दोन प्रकाशमान डोळे चमकतात आणि पाणी कापीत ते वेगाने जवळ येऊ लागतात. जहाजावरील खलाशांची गाळण उडते. कोणी अक्राळविक्राळ जलचर आपल्यावर चालून येत आहे, असेच त्यांना वाटते. परंतु तो प्राणी नव्हे. ती आहे कॅप्टन नेमोची पाणबुडी 'नॉटिलस'!

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने आपल्या १८७० च्या कादंबरीत ही पाणबुडी कल्पनेने निर्माण केली. त्याच्या पुढील एका कादंबरीत असे उघड होते की, नेमो हा मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या उठावात तो इंग्रजांविरुद्ध लढला होता. पहिल्या कादंबरीवर वॉल्ट डिस्नी यांच्या संस्थेने १९५४ साली चित्रपट काढला. त्यातील नॉटिलसचा आकार हार्पर गॉफ या कलावंताने योजला.

पाणबुडी म्हटली की गुळगुळीत नळीसारखा आकार आपल्या डोळ्यांसमोर येतो. गॉफ यांनी मात्र निराळा विचार केला. लोक या बोटीला सागरी राक्षस समजतात, असे कथेतच सांगितले आहे. मग ती राक्षसासारखी दिसली पाहिजे. म्हणून त्यांनी शार्क मासा आणि मगर यांचे रूप तिला दिले. मगरीच्या खरखरीत कातडीच्या जागी रिव्हेटांनी जोडलेले लोखंडी पत्रे आले. डोळ्यांच्या जागी फुगीर काचेच्या खिडक्या आल्या. इतर जहाजांचे तळ फाडण्यासाठी पाठीवर करवतीसारखे दाते आले. बोटीच्या अंगावर एकही गोष्ट निष्कारण ठेवलेली नव्हती. या चित्रपटाला कलादिग्दर्शन आणि विशेष दृश्ये यांसाठी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली.

चित्रीकरणासाठी नॉटिलसच्या लहानमोठ्या अनेक प्रतिकृती तयार करण्यात आल्या. त्यांपैकी काही चांगल्याच मोठ्या होत्या. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. बोट आपण शंभरपट लहान करू शकतो. परंतु पाण्याचा थेंब लहान करू शकत नाही. अगदी छोटी बोट पाण्यात सोडली, तर तिच्यावर उडणारे थेंब चेंडूंएवढे दिसतात आणि सारे सोंग उघडे पडते.

अशी प्रतिकृती आपल्यालाही घरी करता येते. तयार भागांची पेटी विकत न आणता पुठ्ठा, लाकूड आणि कागद यांपासून प्रत्येक भाग स्वतः घडवण्यात खरा आनंद आहे.

प्रस्तुत लेखकाने शाळेत असताना प्रथमच नॉटिलस केली, तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. महिनाभर खपून बोट तयार झाली. ती जुनी दिसावी, म्हणून तांबडा रंग पाण्यात कालवून मी तिला वरपासून खालपर्यंत सारखा फासला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांनी सारे आयुष्य बंदरात लोखंडी लाँचीवर सारंग म्हणून घालवले होते. मोठ्या अभिमानाने मी बोट त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारले, "पोरा, ही बोट पाण्यात कुठवर बुडते रे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

"आणि हा गंज वरच्या अंगाला कसा गेला? गंज पाण्याबरोबर खाली ओघळतो. तुझी बोट समुद्रात फिरलेली नाही, बाळा. ती चिखलात लोळलेली आहे."

मला रडूच कोसळले. तेव्हा त्यांनी मला जवळ बसवले आणि म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर बंदरावर चल. रंगाची डबी घरी ठेव. नुसते डोळे घेऊन ये."

त्या सकाळी मी जे पाहिले, ते आजवर विसरलो नाही. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. पाणी खारे असेल तर तो अधिक लवकर चढतो. म्हणून जो पत्रा लाटांनी वारंवार भिजतो आणि पुन्हा हवेत वाळतो, तेथे गंज सर्वांत जास्त होता. खाली सतत पाण्यात बुडालेल्या भागावर शेवाळ आणि शिंपले चिकटले होते. प्रत्येक रिव्हेटाखाली तांबूस रेघ ओघळली होती. वर मात्र एकही रेघ नव्हती. जेथे दोर घासत, तेथे रंग निघून लोखंड चकाकत होते. माणसांचे पाय जेथे पडत, तेथेही तसेच. जेथे काही घासत नव्हते आणि पाणी साचत नव्हते, तेथे जुना रंग जसाच्या तसा होता. प्रत्येक डाग जणू साक्षीदार होता.

घरी आल्यावर मी सारा रंग पुसून काढला आणि नव्याने आरंभ केला.

प्रथम प्रमाण ठरवावे लागते. कादंबरीतील नॉटिलस ७० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. चित्रपटातील बोटीचे रूप निराळे असले, तरी हिशेबासाठी हीच मापे घेऊ. १:२०० हे प्रमाण धरल्यास प्रतिकृती ३५ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद होईल. २ मीटर उंचीचे दार १ सेंटीमीटरचे होईल. परंतु हे प्रमाण डागांनाही लागू आहे, हे मात्र आपण विसरतो. प्रतिकृतीवर कुंचल्याने १ सेंटीमीटर रुंदीचा डाग दिला, तर खऱ्या बोटीवर तो २ मीटर रुंद ठरेल! म्हणून गंजाची रेघ केसासारखी बारीकच हवी.

त्यानंतर सांगाडा. पुठ्ठ्याच्या उभ्या चकत्या कापून त्या एका मधल्या पट्टीवर ओळीने बसवाव्या आणि त्यांवर पातळ पुठ्ठ्याचे पत्रे डिंकाने चिकटवावे. पत्रा चिकटवण्यापूर्वी त्याच्या मागील बाजूने बोथट सुईने हलकेच दाबत गेले, की पुढील बाजूस रिव्हेटांसारखे बारीक उंचवटे उमटतात. ओळ सरळ येण्यासाठी पट्टी धरावी. सांधे वाळले की पॉलिश पेपरने घासून घ्यावे.

शेवटी रंग. प्रथम सर्व बोटीला गडद करडा रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग काळपट रंग पुष्कळ पाण्यात पातळ करून सांध्यांवर सोडावा आणि उंच भागावरून फडक्याने टिपून घ्यावा. म्हणजे तो खाचांत राहतो आणि पत्रे वेगळे दिसू लागतात. गंजासाठी गेरू उत्तम. बारीक कुंचल्याने रिव्हेटाखाली टिंब ठेवावे आणि ओलसर कुंचल्याने ते खालच्याच दिशेला ओढावे. पाठीवरील दात्यांच्या कडांवर शिसपेन्सिलीची भुकटी बोटाने चोळली, की घासून उघडे पडलेले लोखंड दिसू लागते. कारण तेच दाते शत्रूच्या जहाजांवर आदळतात.

हे सर्व करताना हात आवरणे सर्वांत कठीण असते. आणखी एक डाग द्यावा, असा मोह होतो. अशा वेळी मनाला एकच प्रश्न विचारावा : हा डाग येथे कशाने पडला? उत्तर मिळाले, तर डाग द्यावा. न मिळाले, तर कुंचला खाली ठेवावा.

माझी दुसरी नॉटिलस पाहून सारंगबाबा पुष्कळ वेळ काहीच बोलले नाहीत. मग पाण्याच्या रेषेवरून त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "ही मात्र समुद्रावर जाऊन आली आहे."

जी बोट जगात कधी नव्हतीच, तिच्याविषयी ते असे बोलले. कल्पनेतील वस्तूही खरी वाटते, ती डोळसपणे पाहिलेल्या सत्यामुळेच.

स्वाध्याय

१. गॉफ यांनी नॉटिलसला मगरीचे आणि शार्कचे रूप का दिले?
२. "तुझी बोट समुद्रात फिरलेली नाही," असे सारंगबाबा का म्हणाले?
३. १:१०० या प्रमाणात ७० मीटर लांबीच्या बोटीची प्रतिकृती किती लांब होईल?
४. आपल्या घरातील एखादी जुनी लोखंडी वस्तू निरखून पाहा. तिच्यावरील तीन खुणा आणि त्यांची कारणे लिहा.