धूर आणि घरातील वडीलधारी माणसे

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : सामान्य विज्ञान व आरोग्य)

पाठाचा उद्देश

खेड्यात पहाटेच्या वेळी घराघरांतून वृद्धांच्या खोकल्याचा आवाज ऐकू येतो. तो इतका नित्याचा असतो की, 'वय झाले, खोकला यायचाच' असे म्हणून घरची माणसे तिकडे लक्ष देत नाहीत. वृद्ध स्वतःही तक्रार करीत नाहीत. वस्तुतः खोकला हा वार्धक्याचा धर्म नव्हे. पुष्कळदा त्याचे मूळ घरातील धुरात असते. हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवणे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

विषयविवेचन

आरंभ विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून करावा. 'चुलीत ओले लाकूड घातले म्हणजे काय होते?' आणि 'आजी-आजोबा रात्री कोठे निजतात?' असे दोन प्रश्न विचारावेत. पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसांचे अंथरूण उबेसाठी चुलीजवळ घातलेले असते, हे उत्तरांतून आपोआप पुढे येईल.

यानंतर श्वसनमार्गाची रचना समजावून द्यावी. श्वासाबरोबर आलेली धूळ नाकातील केस व चिकट श्लेष्मा अडवून धरतात. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म रोम सतत हालत राहून ही घाण घशाकडे लोटतात. वय वाढते तशी या रोमांची हालचाल मंदावते, फुप्फुसांची लवचीकता कमी होते आणि छातीचे स्नायू दुर्बळ होतात. केर येणे चालूच, पण झाडणारा हात थकलेला, अशी ही स्थिती असते.

धुरातील अधिक घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. २.५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग, किंवा त्याहून लहान असलेले कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे श्वासमार्गाचे जुनाट विकार जडतात. इतकेच नव्हे, तर हृदयविकार व पक्षाघात यांचा धोकाही वाढतो. जिने जन्मात कधी विडीला स्पर्श केला नाही, अशा आजीची फुप्फुसेही चुलीपुढे घालवलेल्या वर्षांनी निकामी होऊ शकतात.

वरच्या वर्गास लंडनचे उदाहरण सांगावे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत वारा पडला, थंड हवा जमिनीलगत कोंडली आणि कोळशाचा धूर शहरावर साचून राहिला. त्यामुळे सुमारे ४,००० माणसे मृत्यू पावली, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला; पुढील संशोधनाने हा आकडा १२,००० च्या आसपास नेला. त्यांत वृद्धांची संख्या फार मोठी होती. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. आपल्याकडेही हिवाळ्याच्या पहाटे शेकोटीचा, पाणी तापविण्याच्या बंबाचा व पेटविलेल्या पाचटाचा धूर गावावर खाली तरंगत राहतो. त्याचे कारण हेच.

प्रात्यक्षिक

दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांना खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा. एक चुलीजवळ, पण जाळापासून सुरक्षित अंतरावर, व दुसरा ओसरीत टांगावा. चार दिवसांनी दोन्ही वर्गात शेजारी ठेवावेत. मात्र पुठ्ठ्यावर दिसते ती मोठी काजळी होय. सूक्ष्म कण दिसत नाहीत, हे आवर्जून सांगावे.

शिक्षकांना सूचना

ज्या घरी सिलिंडर भरून आणणे परवडत नाही, त्या घरच्या मुलास वर्गात कमीपणा वाटेल असे काहीही बोलू नये. चूल पेटविणारी माता दोषी नाही. जे घरोघर शक्य आहे तेवढेच सांगावे : सरपण वाळवून वापरावे, स्वयंपाकाच्या वेळी खिडकी व दार उघडे ठेवावे, शक्य तेथे चूल अंगणात मांडावी, आजी-आजोबांचे अंथरूण धुरापासून दूर हलवावे, पेटविण्यासाठी प्लॅस्टिक वापरू नये. प्रथम शाळेने आपले आचरण सुधारावे. आवारातील पालापाचोळा पेटवून न देता खतखड्ड्यात टाकावा.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. प्रत्येक खोकला धुराचा समजणे हीही चूकच होय. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला क्षयाचा असू शकतो. अशा व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन थुंकीची तपासणी करवून घ्यावी. ती तेथे विनामूल्य होते. धाप लागणे, छातीत दुखणे किंवा ओठ निळसर पडणे ही लक्षणे दिसल्यास मुळीच विलंब करू नये.

गृहपाठ

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीस विचारावे : 'खोकला केव्हापासून आहे? दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो?' उत्तरे वहीत लिहून आणावीत. हा प्रश्न त्या वृद्धास कित्येक वर्षांत कोणी विचारलेलाही नसेल. नातवाने तो विचारला, आणि त्याच रात्री अंथरूण चुलीपासून दूर पडले, तर पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.