मनुष्यबळाचे शास्त्र आणि आमचे वाचन

आपल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकजण बँकेच्या परीक्षांची किंवा व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीची तयारी करीत आहेत. त्यांना 'मनुष्यबळ व्यवस्थापन' हा विषय कधी ना कधी भेटतोच. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पेशाने बँकेतील कारकून. पदोन्नतीच्या परीक्षेसाठी या विषयाचे गाईड प्रथम हाती घेतले, आणि गाईडने समाधान होईना म्हणून मोठ्या पुस्तकांकडे वळलो. गाईडमधील एक ओळ आणि पुस्तकातील चाळीस पाने यांत किती अंतर असते, ते तेव्हा कळले.

गाईडमध्ये पहिले नाव असते फ्रेडरिक टेलर यांचे. त्यांचे 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरील पुस्तक १९११ साली निघाले. बेथलेहेम पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहत असे, तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, असे टेलर सांगतात. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक! परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु त्या पुस्तकात टेलर व त्या मजुराचा संवादही दिला आहे. चल म्हटले की चालायचे, बस म्हटले की बसायचे आणि उलट बोलायचे नाही, अशी त्याला समज दिली जाते. टेलर त्याला 'श्मिट' म्हणतात. त्याचे खरे नाव हेन्री नोल होते, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले.

दुसरा हमखास प्रश्न हॉथॉर्न प्रयोगांचा. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणारा मोठा कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. आधी दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला. मग १९२७ साली रिले जोडणाऱ्या पाच मुली व त्यांना सुटे भाग पुरविणारी एक, अशा सहाजणींना वेगळ्या खोलीत बसविले. त्यांना मधली सुट्टी दिली, खाणे दिले, कामाचे तास कमी केले आणि पुढे या सवलती काढूनही पाहिल्या. उत्पादन चढतेच राहिले, सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांचे नाव या प्रयोगांशी कायमचे जोडले गेले. गाईडचा निष्कर्ष असा की, माणसाकडे कोणी लक्ष देते आहे एवढ्याने तो अधिक काम करतो.

वाचावयास गोड वाटते. आम्हीही तसेच पाठ केले होते. परंतु रोथलिसबर्गर व डिक्सन यांच्या १९३९ सालच्या मूळ ग्रंथात वेगळी हकिकत सापडते. पाचांपैकी दोघी फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, म्हणून जानेवारी १९२८ मध्ये त्यांना खोलीतून काढले व त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. शिवाय या मुलींचा मोबदला पूर्वी सुमारे शंभरजणींच्या गटाच्या कामावर ठरे, तो आता त्यांच्या छोट्या गटापुरता ठरू लागला होता. ॲलेक्स कॅरी यांनी १९६७ साली नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवले. उजेडाच्या प्रयोगाचे मूळ आकडे तर हरवले असेच समजले जात होते. ते शोधून स्टीव्हन लेविट व जॉन लिस्ट यांनी पुन्हा तपासले (२०११), तेव्हा पाठ्यपुस्तकातील तो चमत्कार त्यांत दिसला नाही.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या एका जुन्या शाखेत एक वयस्क शिपाई होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची रांग लागे आणि मामा रांगेपाशी उभे राहून गप्पा मारीत. नातवाची चौकशी, गावाकडचा पाऊस, गुडघेदुखी, काहीही. आम्हाला नोटा मोजताना त्याचा त्रास होई. आम्ही दोघातिघांनी शाखाधिकाऱ्यांकडे तक्रार केली, "मामा फार बोलतात, कामात लक्ष नाही." मामांना आतल्या रेकॉर्ड रूममध्ये बसविले गेले. पुढच्या महिन्यात आमच्या खिडकीवर अर्धवट भरलेल्या स्लिपा येऊ लागल्या. खाते क्रमांक चुकलेला, सही भलत्याच जागी. दोन आजीबाई तर पैसे न घेताच घरी गेल्या. मामा बोलता बोलता रांगेतल्या रांगेत सर्वांच्या स्लिपा तपासून देत होते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. आम्ही शाखाधिकाऱ्यांकडे जाऊन चूक कबूल करावयास हवी होती. ती केली नाही. मामा रेकॉर्ड रूममधूनच निवृत्त झाले. त्या दोन मुलींची हकिकत आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचली आणि त्या रात्री पुढचे पान वाचवले नाही.

हॉथॉर्नमध्येच पुढे 'बँक वायरिंग रूम' नावाचा प्रयोग झाला. (आम्हाला प्रथम वाटले, हे आपल्या बँकेबद्दल असणार! ती टेलिफोनच्या जोडण्यांची बँक निघाली.) तेथील चौदा पुरुष कामगारांनी दिवसाचे काम किती करावयाचे हे आपसात ठरवून टाकले होते. त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसे. तो काळ १९३१-३२ चा, मंदीचा. जास्त काम केले तर दर कापतील, माणसे कमी करतील, ही त्यांची धास्ती होती. व्यवस्थापनाला जो आळस दिसतो त्याच्यामागे असा हिशेब असू शकतो.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर तेव्हाच्या मुंबई राज्यातील अहमदाबादचे आहे. कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले होते. स्वयंचलित माग आणूनही उत्पादन वाढत नव्हते, कारण प्रत्येक कामगाराचे काम तुटक होते आणि कोण कोणाबरोबर हेच ठरलेले नव्हते. ठरावीक मागांची जबाबदारी एका गटाकडे द्यावी ही कल्पना मांडली जाताच कामगारांनी व जॉबर लोकांनी आपले गट स्वतःच जमविले. सुरुवातीच्या अडचणी सरल्यावर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. एरिक मिलर यांनी १९७० साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा ही पद्धत काही ठिकाणी टिकली होती तर काही ठिकाणी मोडली होती. गाईडमध्ये ही दुसरी भेट सहसा नसते.

विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी गाईड जरूर वापरावे, आम्हीही वापरले. मात्र कोणताही प्रयोग वाचताना, त्यातून कोणाला काढले आणि कोणाला विचारलेच नाही, एवढे शोधून वहीच्या समासात लिहून ठेवावे. इंग्रजी जड जाते, ही अडचण खरी आहे. आम्हाला आजही शब्दकोश लागतो. रविवारी सकाळी आम्ही अभ्यासिकेत असतो. दोघे-तिघे मिळून रोज चार पाने वाचली तरी वर्षभरात दोन मोठी पुस्तके होतात.